अजिंठ्याची चित्रं आणि डिजिटल डागडुजी: हरवलेलं किती भरायचं?

गेरू

मंडळी, सध्या व्हॉट्सॲपवर पद्मपाणीचं, म्हणजे अजिंठ्याच्या भिंतीवरच्या कमळधारी बोधिसत्त्वाचं, एक चित्र फिरतंय. खाली ओळ: 'अजिंठ्याचा पद्मपाणी, मूळ रंगांत'. घरचा, सोसायटीचा, शाळेचा, एकही ग्रुप सुटला नसेल. छपाईआधी चित्रांचे रंग दुरुस्त करणं हेच माझं काम असल्यामुळे मी ते चित्र मोठं करून नीट पाहिलं, आणि तेव्हापासून अस्वस्थ आहे.

लेणं क्रमांक 1 मधल्या पद्मपाणीच्या छातीवरून मोत्यांचा पीळदार सर जानव्यासारखा उतरतो. या चित्रात त्याची सोन्याची साखळी झाली आहे. अजिंठ्याच्या चित्रकाराने मोती रंगवताना पांढऱ्याचा जाडसर ठिपका ठेवला होता, तिथे आता प्लास्टिकसारखी चकाकी आहे. खाली झुकलेल्या डोळ्यांना पापण्यांचे केस फुटलेत. आणि खालचा जो भाग भिंतीवर झिजून गेला आहे, तिथे कुठलंसं भरजरी धोतर नेसवलं आहे. हे पाहून पोरं म्हणतात, 'वा, असं होतं होय!' असं नव्हतं हो.

मी डिजिटल कामाच्या बाजूचाच माणूस आहे. अजिंठ्याला त्याची गरज किती आहे हे त्याच्या नकलांच्या इतिहासावरून कळतं. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तिथे पोचला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर स्वतःचं नाव कोरून गेला. पुढे 1840च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने मेजर रॉबर्ट गिलला नकला करायला धाडलं. त्याने वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठी तैलचित्रं केली, ती लंडनला गेली, आणि 1866च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळी जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन 1872 ते 1885 या काळात तिथे खपले. त्यांच्याही पुष्कळ नकला 1885 साली लंडनमधल्याच आगीत गेल्या. जपानी चित्रकार आराई काम्पो यांनी केलेल्या नकला 1923च्या टोकियो भूकंपात नष्ट झाल्या. इतकी माणसं, इतके कष्ट, आणि तीनदा राख. म्हणून उत्तम दर्जाची डिजिटल नोंद व्हावी, ती जगात अनेक ठिकाणी ठेवली जावी, यात माझ्या मनात तसूभर शंका नाही.

प्रश्न त्यापुढचा आहे. जे भिंतीवर उरलेलंच नाही, ते पडद्यावर भरावं का? माझं मत सांगतो. ज्याला साक्षीदार आहे ते भरावं. जुनी नक्कल, जुना फोटो, शेजारचा तसाच नक्षीपट्टा, काहीही चालेल. ज्याला साक्षीदार नाही ते रिकामं ठेवावं. आणि भरलेलं कुठलं नि मूळ कुठलं हे बघणाऱ्याला विचारावं लागू नये. जाणकारांनी लिहावं.

फर्दापूरकर

धागा एकदम वेळेवर काढला दादा. मी अजिंठ्याला गाईड आहे. तुम्ही म्हणता ते चित्र माझ्यासमोर रोज येतं. पर्यटक एक नंबरच्या लेण्यात शिरतात. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर थांबायची तयारी नसते. मोबाइल काढून भिंतीशेजारी धरतात अन् मला विचारतात, 'भाऊ, हे असं का नाही दिसत? सरकारने साफ नाही केलं का?' काल एका आजींनी तर विचारलं, खरं चित्र कुठं हलवलं?

पण माझी दुसरी बाजूही ऐका. सोळा नंबरमध्ये 'मरणासन्न राजकन्या' दाखवताना मी बोटाने हवेत रेघा काढतो: ही तिची कललेली मान, ही मागून आधार देणारी दासी. दहातल्या सहांना काही दिसत नाही, भिडेखातर मान हलवतात. शाळेची सहल असली तर पोरं सरळ बाहेर पळतात. आम्हाला टॉर्च मारता येत नाही, अन् मारूही नये. मग एखादी चांगली पुनर्रचना हातात असली तर मी ती आधी दाखवीन, मग भिंत दाखवीन. माणसाला एकदा रेघ कळली की भिंतीवर ती सापडते. त्यामुळे 'रिकामं ठेवा' म्हणणं अभ्यासकांना परवडतं, आम्हाला जरा जड जातं.

चुनखडी

माहितीपूर्ण धागा. रसायनाच्या अंगाने थोडी भर घालतो, कारण 'मूळ रंग' या शब्दातच गोम आहे.

अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर माती, भाताचं तूस, गवताचे तंतू वगैरे मिसळलेला गिलावा, त्यावर पांढरा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तांबडी आणि पिवळी गेरूमाती, हिरवी माती, काजळीचा काळा, चुना किंवा केओलिनचा (पांढऱ्या चिनी मातीचा) पांढरा. निळा मात्र बाहेरचा, लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानच्या बाजूने आलेला. रंग वरवर बसलेला असल्यामुळे तो पाण्याने सुटतो, आणि गिलाव्यातली वनस्पती किड्यांना खाद्य होते. शिवाय पावसाळ्यात झिरपणारं पाणी, वटवाघळं, पूर्वी मुक्कामाला राहणाऱ्यांच्या चुलींचा धूर.

त्यात भर घातली ती भलं करायला आलेल्यांनी. नकला करणाऱ्यांनी चित्र उजळ दिसावं म्हणून वर व्हार्निश फिरवलं. नंतर निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना आणलं. सुटलेला गिलावा त्यांनी कडांना धरून बसवला, त्यामुळे बरंच वाचलं हे मान्यच करायला हवं. पण त्यांनी चपडा लाखेचा थरही दिला, आणि तो पुढे पिवळा, तपकिरी होत गेला. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ स्वातंत्र्यानंतर अनेक दशकं तो हलक्या हाताने उतरवत आले आहेत.

म्हणजे आज फोटो काढला तर त्यात रंग, लाख, काजळी आणि दिव्याचा पिवळेपणा असं सगळं एकत्र येतं. यातून लाखेचा पिवळेपणा संगणकावर वजा करता येतो, पण त्यासाठी त्याच भिंतीवरचा साफ झालेला एखादा चौकोन संदर्भाला लागतो. तो नसेल तर आपण नुसता स्लायडर सरकवतो आणि निळा रंग आवडेल तितका निळा करतो. व्हॉट्सॲपवरच्या चित्राचा निळा तसाच आहे, लाजवर्द असा विजेसारखा चमकत नाही.

अल्गो_पुणे

मी प्रतिमा-प्रक्रियेत काम करतो, तेव्हा यंत्राच्या आत काय चालतं ते सांगतो.

चित्रातली भोकं संगणकाने भरायची आजची पद्धत साधारण 2000 सालापासून रुजली. बर्तालमियो, सापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी जो शोधनिबंध मांडला, त्यात त्यांनी संग्रहालयातले दुरुस्तीकार काय करतात हेच गणितात आणलं: भोकाच्या कडेला येऊन थांबलेल्या रेघा त्याच दिशेने आत वाढवत न्यायच्या आणि मधला रंग हळूहळू पसरू द्यायचा. पुढे चित्रातलेच तुकडे शोधून चिकटवणाऱ्या पद्धती आल्या. या दोन्हींचा एक गुण असा की माल त्याच चित्रातला असतो. भिंतीवर कुणी 'अमुक + तमुक' असं नाव खरवडलं असेल, केसाएवढ्या भेगा असतील, छतावरच्या कमळवेलीचा एक फेर गेला असेल, तर या पद्धती सुंदर काम करतात.

आताची एआय मॉडेल्स वेगळी. त्यांनी लाखो चेहरे पाहिलेत, आणि ती विचारतात, 'अशा ठिकाणी बहुधा काय असतं?' बहुधा काय असतं, तर आजच्या फोटोतला चेहरा. गेरूजींना दिसलेले पापण्यांचे केस तिथूनच आले. यंत्राला अजिंठा माहीत नाही. त्याला फक्त सरासरी माहीत आहे, आणि अजिंठ्याचा चित्रकार तर सरासरीपासून फार लांब उभा होता.

मात्र शिकवायला अजिंठ्याचाच माल दिला आणि प्रत्येक बिंदूवर 'खात्री किती' याचा वेगळा नकाशा काढला, तर हेच तंत्र कामाचं ठरू शकतं. तो खात्रीचा नकाशा चित्रासोबत प्रसिद्ध करा, एवढीच माझी अट.

मीनल_ग

ॲमस्टरडॅमहून लिहितेय. अल्गो म्हणतात तसं एक काम मी डोळ्यांनी पाहिलंय.

रेम्ब्राँटचं 'नाइट वॉच' 1715 साली नगरभवनाच्या भिंतीत मावेना म्हणून चारही बाजूंनी कापलं होतं. डावीकडची तर साधारण साठ सेंटिमीटरची पट्टी गेली, त्यावरच्या माणसांसकट. तुकडे कधीच सापडले नाहीत. पण कापण्याआधी गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने त्याची छोटी नक्कल केली होती. इथल्या रैक्सम्युझियमने 2021 साली ती नक्कल घेतली, आधी तिची मापं-कोन मूळ चित्राशी जुळवले, मग संगणकाला लुंडेन्सचा हात आणि रेम्ब्राँटचा हात यातला फरक शिकवला, आणि हरवलेल्या पट्ट्या छापून मूळ चित्राच्या कडेला लावल्या. चित्राला कुठेही हात न लावता. तीन महिने ठेवल्या आणि काढून घेतल्या.

मी समोर उभी होते तेव्हा जाणवलं की पुढचे दोघं जण अचानक चालायला लागलेत. कापल्यामुळे ते मधोमध आले होते. पट्टी लावल्यावर ते उजवीकडे सरकले, आणि डावीकडे त्यांना पाऊल टाकायला जागा उरली. फर्दापूरकर, तुम्ही म्हणता तेच: एकदा दाखवलं की नंतर मूळ चित्र वेगळं दिसतं. फक्त इथे साक्षीदार होता. लुंडेन्स नसता तर त्यांनी हे केलंच नसतं असं मला वाटतं.

मग आपले ग्रिफिथ्स कोण? आपले लुंडेन्सच ना?

गेरू

मीनलताई, अगदी माझ्या मनातलं बोललात! ग्रिफिथ्सच्या वाचलेल्या नकला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. 1896-97 साली निघालेले त्यांचे दोन मोठे ग्रंथ आहेत. 1909 ते 1911 या काळात इंग्रज चित्रकर्ती ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, शिवाय हैदराबादचे सय्यद अहमद हे चित्रकार आले, त्यांच्या नकला आहेत. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी 1930 ते 1955 या काळात काढलेले छायाचित्रांसह खंड आहेत. अलीकडे बिनॉय बहल यांनी अगदी मंद उजेडात काढलेली छायाचित्रं आहेत, आणि आमच्या नाशिकचे प्रसाद पवार तर वर्षानुवर्षं याच ध्यासाने अजिंठ्याची छायाचित्रं आणि डिजिटल पुनर्रचना करत आले आहेत.

एवढी साखळी जगात फार थोड्या भित्तिचित्रांच्या नशिबी आली. ग्रिफिथ्सच्या वेळी जे भिंतीवर होतं आणि आज नाही, तेवढंच जरी नीट नोंदवून परत आणलं तरी एका पिढीचं काम होईल. एक पथ्य मात्र हवं: नक्कल करणाऱ्याचा हातही मध्ये येतो. जे. जे.च्या विद्यार्थ्यांना युरोपीय छायाप्रकाशाचं शिक्षण होतं, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यांना एक गोलाई येते. अजिंठ्यातही उठाव आहे, पण तो रेषेच्या आतून येतो. तेव्हा नकलेतून रेषा आणि जागा घ्याव्यात, छटा घेताना दहादा विचार करावा.

फिरस्ता

इटलीतल्या पादुआचं उदाहरण इथे हवंच. एरेमितानी चर्चमधलं ओव्हेतारी चॅपल, पंधराव्या शतकातल्या मांतेन्या या चित्रकाराची भित्तिचित्रं. 11 मार्च 1944 रोजी बॉम्ब पडला आणि भिंतींचा चुरा झाला. लोकांनी ढिगाऱ्यातून 88,000च्या आसपास तुकडे वेचून खोक्यांत भरून ठेवले. बहुतेक तुकडे नाण्याएवढे. हाताने ते जुळवणं अशक्यच होतं. पण युद्धापूर्वीचे कृष्णधवल फोटो होते. पादुआ विद्यापीठातल्या तोनिओलो आणि फोर्नासिएर यांनी प्रत्येक तुकड्याचा फोटो घेऊन तो जुन्या फोटोत नेमका कुठे आणि किती अंशांत फिरवून बसतो हे गणिताने शोधलं. आता भिंतीवर फिकट करडी छायाचित्रं आहेत आणि त्यावर सापडलेले रंगीत तुकडे आपापल्या जागी बसवले आहेत.

मला ते फार भावलं. करडं म्हणजे फोटोतून कळलेलं, रंगीत म्हणजे मांतेन्याच्या हाताचं. पाटी वाचायची गरज नाही, लहान पोरालाही कळतं. गेरूजी, तुम्ही मागताय ते हेच.

चुनखडी

फिरस्ता, +१. इटलीत याला जुनी परंपरा आहे. कलासंवर्धनाचे जाणकार चेझारे ब्रांदी आणि रोमच्या संवर्धन संस्थेने गेल्या शतकाच्या मध्यावर एक रीत घातली: चित्रातली रिकामी जागा बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून रंग एकजीव दिसतो, जवळ गेलं की रेघा दिसतात आणि कळतं की ही भर नंतरची. डिजिटलमध्ये तर हे फुकटात करता येतं.

अवांतर: 2025 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या ॲलेक्स काचकिन यांचं काम 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं. पंधराव्या शतकातल्या एका चित्राची डिजिटल दुरुस्ती त्यांनी पातळ फिल्मवर छापून चित्रावर चढवली, 5,612 जागा साडेतीन तासांत भरल्या, आणि ती फिल्म पुन्हा काढता येते. बातमी वाचून काहींनी 'अजिंठ्यालाही लावा' असं लिहिलं. कृपा करून नको! ते लाकडी फळीवरचं, व्हार्निश केलेलं चित्र होतं. मातीच्या गिलाव्यावर आता काहीही चिकटवणं म्हणजे चपडा लाखेचीच पुनरावृत्ती.

फर्दापूरकर

मग प्रोजेक्टरने उजेड पाडून दाखवलं तर? भिंतीला हात लागत नाही.

चुनखडी

हार्वर्डने ते केलंय. मार्क रॉथको या अमेरिकी चित्रकाराची तिथली मोठी चित्रं उन्हाने पार विटली होती. 2014 साली प्रत्येक बिंदूवर नेमका तितकाच रंगीत प्रकाश टाकून त्यांचा जुना रंग दाखवला, आणि रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद करायचे, म्हणजे लोकांना आजची अवस्थाही दिसायची. पण प्रकाश म्हणजे झीज, शिवाय गर्दीचा घाम नि श्वास. लेण्यात नकोच. पायथ्याच्या अभ्यागत केंद्रात 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या आहेत ना? तिथे खुशाल करा. आधी आजची भिंत, मग ग्रिफिथ्सची नक्कल, मग पुनर्रचना, आणि पुन्हा आजची भिंत. मग पर्यटक वर चढू देत.

फर्दापूरकर

हे झालं तर आम्हा गाईड लोकांचं अर्धं काम तिथंच होईल. अन् डोळेही अंधाराला सरावलेले राहतील.

कृष्णाकाठ

सगळं वाचून काढलं. आमचं दुखणं लहान आहे, पण इथेच विचारावंसं वाटतं.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. देवळाच्या सभामंडपात दोन भिंतींवर जुनी चित्रं होती: दशावतार, रामपंचायतन, आणि एका कोपऱ्यात पागोटं घातलेला हुक्का ओढणारा गृहस्थ. आजी म्हणायची, चित्रं काढवून घेणारा सावकार तोच. दोन वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला आणि भिंतींना पिवळा ऑइलपेंट बसला. कुणाचा वाईट हेतू नव्हता, वर्गणी गावानेच काढली होती. चित्रांचा मुद्दाम काढलेला एकही फोटो नाही. पुरातत्त्व खात्याच्या यादीत देऊळ नाही. आता काही होऊ शकतं का? की विसरून जावं?

गेरू

विसरू नका! तुमच्या गावात लग्नं कुठे लागतात?

कृष्णाकाठ

देवळातच की. सभामंडपातच.

गेरू

मग साक्षीदार घराघरांत आहेत. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतला प्रत्येक लग्नाचा, मुंजीचा, सप्ताहाचा अल्बम मागा. वधूवरांच्या मागे भिंत असणारच. एका फोटोत मत्स्यावतार दिसेल, दुसऱ्यात मामांच्या फेट्यामागून वराह डोकावेल. फ्लॅशमुळे रंग खरा नसेल, पण रेषा आणि जागा मिळेल.

फोटो अल्बममधून ओढून काढू नका, चिकटलेले फाटतात. जमेल तिथे निगेटिव्ह मिळवा. तालुक्याच्या गावी जुना स्टुडिओ असेल तर माळ्यावर डबे असतात. प्रिंटपेक्षा निगेटिव्हमध्ये तपशील जास्त असतो, आणि जुन्या रंगीत प्रिंट तर लालसर पडलेल्या असतात. स्कॅन किमान 600 डीपीआयला, टिफमध्ये, 'ऑटो करेक्शन' बंद ठेवून. प्रत्येक स्कॅनच्या नावात कुणाचं लग्न आणि कुठलं साल एवढं घाला. सभामंडपाचे खांब आणि कोनाडे अजून आहेत ना? त्यांची मापं घ्या. फोटोतल्या खांबांवरून कोन सरळ करता येतो.

अल्गो_पुणे

कोन सरळ करणं आणि अनेक फोटो एकावर एक बसवणं माझ्याकडे लागलं. माणसं वेगवेगळ्या जागी उभी असल्यामुळे एकात झाकलेलं दुसऱ्यात उघडं मिळतं. जिथे कुठल्याच फोटोत दिसत नाही तिथे करडा रंग ठेवीन, पादुआसारखा. फोटोंमध्ये रेषा फार अंधूक असल्या तर डीस्ट्रेच हे सॉफ्टवेअर वापरून पाहू. जॉन हार्मन यांनी ते गुहाचित्रांसाठी केलंय, रंगांतला बारीक फरक ताणून दाखवतं. गेरूच्या तांबड्या रेषा त्यात चांगल्या उठतात. त्यातून येणारे रंग खोटे असतात, ते फक्त शोधण्यापुरते.

चुनखडी

आणि ताई, ऑइलपेंट खरवडायला जाऊ नका. कुणी 'थिनरने पुसून देतो' म्हणालं तरी नाही म्हणा. खाली चित्र शिल्लक असायची शक्यता आहे. पण तैलरंगाने भिंतीचा श्वास बंद होतो. ओल आत अडकली की गिलावा फुगतो आणि पापुद्रे पडतात, आणि पापुद्र्यासोबत चित्रही पडतं. तेव्हा या पावसाळ्याआधी छपराची गळती बंद करून घ्या, ते सगळ्यात महत्त्वाचं. कुठे फुगवटा दिसला तर खडूने तारीख लिहून शेजारी पट्टी धरून फोटो काढा. पडलेला पापुद्रा केरात टाकू नका, कागदात ठेवून कुठून पडला ते लिहा. मग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राला पत्र पाठवा, सोबत हे सगळे फोटो जोडा. नुसती तक्रार आणि पुराव्याची फाइल यात फार फरक पडतो.

कृष्णाकाठ

काल रात्री भावकीच्या ग्रुपवर टाकलं. सकाळपर्यंत अकरा फोटो आले. सर्वांत जुना थोरल्या काकांच्या लग्नाचा, 1978, कृष्णधवल. त्यात वरमाईच्या उजव्या खांद्यामागे हुक्केवाला चक्क पूर्ण दिसतोय, पागोट्याच्या तुऱ्यासकट. स्टुडिओवाल्यांच्या मुलाने निगेटिव्हचे डबे रविवारी खाली काढतो म्हटलंय. छपराचं मी देवस्थान समितीच्या बैठकीत मांडते, तिथे चुनखडीकाकांचा प्रतिसाद वाचून दाखवला तर चालेल ना?

एक शंका: निगेटिव्हवर बुरशीचे ठिपके आहेत. पुसून स्कॅन करू की तसेच?

गेरू

तसेच स्कॅन करा. पाणी लावू नका, फक्त हवेच्या पंपाने धूळ उडवा. बुरशीचे ठिपके लहान असतात आणि बाजूची रेषा शाबूत असते, ते संगणकावर निघतात. हुक्केवाल्याचा फोटो आधी पाठवा.

चुनखडी

अवश्य वाचून दाखवा. छपराचं आधी.